मुदतवाढ मिळालीच पाहिजे!

एलबीएस रोडवर मेट्रो ४ चे खांब बघत बघत ज्याची पोरं शाळेतून कॉलेजात गेली, त्या नाहूरकराला ‘अंतिम तारीख’ असं काही असतं हे पटवणं अवघड. त्यामुळे आमच्या इमारतीतले आयटीवाले साहेब परवा लिफ्टमध्येच कडाडले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. कसल्याशा लायब्ररीने पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट बंद केला होता. “न कळवता! रातोरात!”

रातोरात म्हणजे कसं, ते सांगतो. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. साहेबांच्या कंपनीचा हिशेब ज्यावर चालतो ते २.७ मुळात २०१५ मध्येच बंद व्हायचं होतं. पण सगळीकडचे साहेब कुरकुरले, म्हणून २०१४ मध्ये पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. १ जानेवारी २०२० ला मुदत सरली. शेवटचं २.७.१८ निघालं त्याच एप्रिलमध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, त्यामुळे अंत्यदर्शनाला गर्दीही झाली नाही. २००८ ते २०२० म्हणजे एक तप झालं. एवढ्यात ऋषी प्रसन्न करून घेतात, साहेबांना सर्व्हर बदलून घेता आला नाही.

“अहो, पण चालतंय ना व्यवस्थित?” इति साहेब. चालतंय खरं. २.७ मध्ये तीनाला दोनाने भागलं की उत्तर येतं एक, अर्धा गायब. पायथन ३ दीड सांगतं. इतकी वर्षं कंपनीच्या हिशेबातले हे अर्धे कुठे जात होते, असं विचारलं की साहेबांना मीटिंग आठवते. जुन्या पायथनला साध्या अवतरणात ‘नाहूर’ लिहून लांबी विचारली, तर ते बाइट मोजून पंधरा म्हणतं. नवं म्हणतं पाच, कारण ते काना आणि उकार वेगळे धरतं. पहिलीतली कुठलीही पोर तीन सांगेल. “बघा, नव्याचंही चुकतंच!” साहेब भलतेच खूश झाले.

आमच्या मध्य रेल्वेनेही १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर उडी मारली, २०१५ मध्ये मुख्य मार्गावर आणि २०१६ मध्ये हार्बरवर. मधली काही वर्षं दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्या होत्या. लायब्ररीवाल्यांनीही तसंच केलं; दोन्ही पायथन सांभाळायला ‘सिक्स’ नावाचा सांधा बनवला, दोन त्रिक सहा म्हणून. सांध्याची सोय काही काळापुरतीच असते, कारण प्रत्येक बदल दोन्हीकडे तपासा, नव्यातली एकही सोय वापरू नका, हे जन्मभर कोण करणार? डीसी गाडी अजून धडधाकट आहे, सबब तारेत जुनीच वीज सोडा, असं निवेदन घेऊन कुणी मोटरमन डीआरएमच्या दारात गेल्याचं ऐकिवात नाही.

आणि सपोर्ट गेला म्हणून साहेबांच्या मशीनमधून कुणी काही काढून नेलेलं नाही. लायब्ऱ्या बसवून देणारा त्यांचा जुना पिप अजूनही मुकाट्याने नमपाय लायब्ररीचं १.१६ बसवून देतो, २.७ वर चालणारं शेवटचं. फक्त त्यात उद्या भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही. पैसे मोजले असते तर तेही जमलं असतं. रेड हॅटने २०२० नंतरही आपल्या गिऱ्हाइकांसाठी २.७ सांभाळलं. पण साहेबांना हवी आहे सेवा फुकट आणि कायमची, ती करायची ऑफिस सुटल्यावर रात्री जागणाऱ्या कुणा परक्या पोराने, आणि वर त्याला मेल इंग्रजीत, ‘तातडीचे’ असा शिक्का मारून. या लायब्ऱ्यांवर कंपनीने कोट्यवधी कमावले. देणगी किती दिली? साहेबांना पुन्हा मीटिंग आठवली.

याच कंपनीने गेल्या वर्षी पन्नाशी उलटलेल्या प्रोग्रामरांना घरी पाठवलं. कारण दिलं, ‘नव्या तंत्रज्ञानाशी जुळवून घेत नाहीत’. नोटीस महिन्याची. तिथे मुदतवाढीचा विषयही निघाला नाही.

आता गंमत अशी, की हिशेबाचा तो २.७ वरचा कोड ज्याला समजतो असा एकच माणूस होता आणि तो त्या घरी गेलेल्यांत होता. गेल्या आठवड्यात साहेब स्वतः त्याच्या दारात गेले. काका यायला तयार आहेत, सल्लागार म्हणून, रोजच्या दराने. त्यांच्या अटी दोनच: काम ३.१३ वर होईल, आणि पैसे आगाऊ.