मायक्रॉन काका

खापरखेड्याच्या वसाहतीत एखाद्या गाडीने नवा आवाज काढला, की तो मालकाच्या आधी काकांना ऐकू येतो. काका वीज केंद्रात टर्बाइन मेंटेनन्सला होते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या यंत्राच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायची, यात नोकरी सरली. २१० मेगावॅटचे चार संच त्यांना नाडीवरून ओळखू येत. ५०० वाला मागून आला, तो त्यांच्या लेखी अजून पोरगाच. घरात काकू भांडी आपटतात, त्या आवाजाचं कारण मात्र ते कधी शोधत नाहीत.

शेजारच्या मास्तरांनी गाडीला स्वस्तातल्या नव्या डिस्क टाकल्या. तेव्हापासून साठच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरे आणि हळू चालवताना चाकात खर्रखर्र होई. मेकॅनिकने निकाल दिला, "डिस्क वाकडी हाय, बदला."

"किती मायक्रॉन?" काकांनी विचारलं.

"काका, गाडी हाय हे. पॉवर हाऊस नाही."

रविवारी अंगणात ओव्हरहॉलिंग निघालं. रीतसर आधी परमिट, म्हणजे गाडीची किल्ली काकांच्या खिशात. पाना मास्तरांच्या पोराच्या हातात, खुर्ची काकांची. चाक उतरवून डिस्क नटांनी आवळली आणि निरोप समारंभाच्या शालीतून डायल गेज बाहेर आला. डिस्क फिरवली तशी सुई बारा रेषा हलली.

"एकशेवीस मायक्रॉन! पन्नासच्या वर चालत नाही बाप्पा."

डिस्क काढली, तर हबच्या तोंडावर गंजाची खपली. नवी डिस्क तिच्यावरच चढवलेली; मग ती सरळ बसणार कशी? पोराने एमरी पेपरने घासून हब चकचकीत केला. सुई तीन रेषांवर आली. काकांनी ती मेकॅनिकला बोलावून दाखवली. एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे. खर्रखर्र तर डिस्कमागचा पत्रा घासून होत होती. तो अंगठ्याने मागे दाबला. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले.

उरलं नव्या डिस्कवर पॅड रुळवणं. कोराडीच्या रस्त्यावर साठवरून वीसवर यायचं, पुन्हा साठ.

"मास्तर, पुरते थांबू नका! तापल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटते."

मागच्या ट्रकवाल्याचा धीर सुटला. तो शेजारी येऊन ओरडला, "ब्रेक फेल झाला का भाऊ?"

काकांनी काच खाली केली. "नाही रे, त्याले शिकवून राह्यलो!"