दोन बाण

ऑफिसच्या एका मशीनवर काम करताना मला पडद्यावर दोन बाण दिसतात. एक माझा, एक त्या मशीनचा. माझा बाण मी नेईन तिकडं मुकाट जातो, पण त्याच्या हातात कसलीच सत्ता नाही. सत्ता सगळी दुसऱ्याकडं, आणि तो माझ्यापासून चार बोटं अंतर राखून मनाला येईल ते दाबतो. मी 'सेव्ह'वर बाण नेऊन क्लिक केलं की पलीकडं 'कॅन्सल' दाबलं जातं.

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हा प्रकार पाहिला आणि पहिलाच सवाल टाकला, "ह्यातला खरा बाण कोनाचा?"

बाण खरा कोणाचा, हे महाराष्ट्रात अलीकडं निवडणूक आयोग ठरवतो. घरातल्या माणसांनी त्यात पडू नये. मी म्हटलं, "तात्या, चहा घेता का?"

आमचं गाव बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या आसऱ्याला. पुण्यातल्या सहकाऱ्यांना गड म्हटलं की बूट आणि पाठीवरच्या पिशव्या आठवतात, "पावसाळ्यात ट्रेकला येऊ का?" असं त्यांच्यातलं कुणी ना कुणी विचारतंच. पण हा लढाईचा किल्ला नव्हे. हा नगद नारायण महाराजांचा गड, विठ्ठलाचं ठाणं. धाकटी पंढरी म्हणतात त्याला; आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठणं होत नाही ते इथं येऊन माथा टेकतात. भगवानबाबा आधी याच गडावर होते, भगवानगड नंतरचा. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर सहकारी विचारतो, "पण रेंज येते का?"

येते. येते तशी जातेही. २०२४ च्या दसऱ्याला गडावर मराठा आरक्षणाचा मेळावा झाला, त्या दिवशी पंचक्रोशीत माणूस मावत नव्हता. सर्व्हरला दसऱ्याची सुट्टी नसते, म्हणून मी लॅपटॉप उघडला होता. बाण डावीकडून निघाला आणि उजवीकडं पोचेपर्यंत माझी पुरणपोळी खाऊन झाली.

लॉकडाउनमध्ये २०२० साली आयटीतली जी पोरं गावी परतली त्यातला मी एक. बाकीचे हळूहळू परत गेले, मी राहिलो. कामाची तऱ्हा अशी: घरातल्या लॅपटॉपवरून व्हीपीएनमधून पुण्याच्या सर्व्हरवर जायचं आणि त्या सर्व्हरच्या पोटात असलेलं आणखी एक मशीन उघडायचं. एका गिऱ्हाइकाचा जुना हिशेब त्यात आहे, म्हणून ते अजून जुन्याच विंडोजवर चालतं. या पोटातल्या मशीनला आम्ही व्हीएम म्हणतो. ते खरंखुरं कुठं नसतंच.

"मशीन न्हाई आन् दिसायलंय?" तात्या.

"दिसतंय."

"त्याला सोताला म्हाईत हाय का, आपन न्हाई म्हनून?"

"नाही ना. त्याला वाटतं आपल्याला डिस्क आहे, मेमरी आहे, माउस जोडलेला आहे."

"मंग माया म्हन की सरळ!"

गडावरची कीर्तनं ऐकत ज्याचे केस पिकले त्याला व्हर्च्युअल मशीन कळायला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही. आमच्या मॅनेजरला अजून वाटतं की ते कुठल्या तरी कपाटात ठेवलेलं आहे.

बाणाची तक्रार मी हेल्पडेस्ककडं नोंदवली. हेल्पडेस्कचा पहिला मंत्र 'रिस्टार्ट करा', दुसरा 'केबल काढून पुन्हा लावा'. केबल नाही, वायरलेस आहे, म्हटल्यावर पलीकडं थोडी शांतता पसरली. मी सांगितलं, "माउस एक आहे, बाण दोन आहेत." उत्तर आलं, "मग दुसरा माउस कुठं जोडला गेलाय का बघा सर." मी लॅपटॉप उचलून खाली बघितलंसुद्धा. शेवटी निदान झालं: माउस खराब. नवा कुरिअरनं पाठवतो.

कुरिअरवाल्या पोराचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन तात्यांनी घेतला.

"हां, तसंच सरळ या. जरा म्होरं आलं की डाव्या हाताला वळा. वळलाव? मंग थोडं म्होरं. लई न्हाई, थोडंच. आता उजवीकडं."

हे बराच वेळ चाललं. तात्या ओट्यावर उभे राहून हातवारे करत होते. त्यांच्या मनातला कुरिअरवाला एव्हाना आमच्या गल्लीत शिरला होता.

"आता म्होरं बगा, म्हैस बांधलीय. दिसली का?"

"काका, हितं नुसता ऊस हाय."

पोरगं मुळात गडाच्या दुसऱ्या अंगाला उभं राहून वळत होतं. त्यात तात्यांचं 'थोडं' बैलगाडीच्या काळातलं आणि त्याचं मोटारसायकलवरचं. मी मीटिंग म्यूट करून त्याला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं. डावं नाही, उजवं नाही, थोडं नाही, लई नाही, नुसते अक्षांश-रेखांश. पोरगं दारात येऊन म्हशीपाशी उभं राहिलं.

माझ्या बाणाचं दुखणं नेमकं हेच होतं. साध्या माउसला आपण कुठं आहोत याचा पत्ता नसतो. तो फक्त सांगतो: दहा उजवीकडं, तीन वर. आयबीएमच्या १९८७ सालच्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर आलेला पीएस/२ माउस असाच बोलतो, आणि पोटातल्या मशीनला जोडलेला खोटा माउस त्याचीच नक्कल करतो. आता आतल्या विंडोजची स्वतःची अक्कल असते. माउस जोरात ओढला तर माणसाला लांब जायचं असणार, असं समजून ते बाणाला आणखी ढकलतं. म्हणजे माझ्या दहाचे तिकडं सतरा होतात. पुढच्या वेळी पुन्हा सतरा. ही चूक कुणी वळती करून घेत नाही, ती व्याजासकट साठत राहते. थोड्या वेळानं माझा बाण खिडकीच्या काठाला टेकून थांबलेला असतो आणि मशीनचा बाण 'स्टार्ट'च्या बटणापासून वीतभर अलीकडं ताटकळत असतो. पुढं सरकायला माझ्याकडं जागा नाही, आणि मी सरकल्याशिवाय तो सरकत नाही.

यावर एक गावठी इलाज आहे, आणि तो खरोखर चालतो. बाण पडद्याच्या कोपऱ्याकडं जोरानं रेटत राहायचं. मशीनचा बाण कोपऱ्यात जाऊन अडकला की त्याला पळायला वाट उरत नाही; मग आपलाही तिथं आणायचा. दोघांची गाठ पडते आणि पुढची काही मिनिटं ते जोडीनं चालतात. तात्यांना हा इलाज एकदम पटला. "कोपऱ्यात घेतल्याबिगर कोन सरळ येतंय?" म्हणाले. ते दोन पंचवार्षिक ग्रामपंचायतीत सदस्य होते.

गंमत म्हणजे माउस हा प्राणी जन्मापासूनच लांबून चालणारा. डग्लस एंगलबर्ट यांनी तो जगापुढं पहिल्यांदा आणला ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात. आणि त्यांचा कॉम्प्युटर होता सुमारे ४८ किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये. इतकंच काय, तिकडं बसलेल्या सहकाऱ्याची आणि एंगलबर्ट यांची अशा दोघांच्या खुणा त्यांनी एकाच पडद्यावर हिंडवून दाखवल्या. म्हणजे दोन बाण तेव्हाही होतेच. फरक एवढाच की त्यांना ते मुद्दाम आणावे लागले होते.

हे एका मशीनचं झालं. दुसऱ्या एका मशीनवर तर बाणच नव्हता. खिडकी उघडली की तळाशी बारीक अक्षरांत पाटी: 'माउस नॉट कॅप्चर्ड इन रिमोट डेस्कटॉप सेशन'. रिमोटनं सर्व्हरवर आलात आणि तिथून आतलं मशीन उघडलंत, तेव्हा आत माउस न्यायचा तर आधी आतमध्ये एक जोडसॉफ्टवेअर बसवा. ते बसवायला आत जाऊन बटणं दाबावी लागतात, आणि बटणं दाबायला माउस. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. अशा वेळी कीबोर्ड कामाला येतो. टॅब दाबत एकेका बटणावर जायचं, स्पेसनं खूण करायची, एंटर मारायचा. टॅब एकदा जास्त दाबला गेला तर शिफ्ट-टॅबनं मागं यायचं. जपमाळ ओढायची सवय असलेल्याला हे सोपं जातं.

त्या मशीनमध्ये माउस गेला एकदाचा. आता तो बाहेर येईना. प्रत्येक प्रकारच्या व्हीएमची सुटकेची चावी वेगळी: व्हर्च्युअलबॉक्सची उजवा कंट्रोल, व्हीएमवेअरची कंट्रोल आणि ऑल्ट, हायपर-व्हीची कंट्रोल, ऑल्ट आणि डावीकडचा बाण. ही शेवटची मी दाबली. पण काही ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये हीच चावी पडदा आडवा करते, आणि माझ्या लॅपटॉपचा ड्रायव्हर त्यातलाच निघाला. गिऱ्हाइकाचा हिशेब, ऑफिसच्या मेल, सगळं जग कुशीवर झोपलं. मी मान वाकडी केली. माउस उजवीकडं नेला तर बाण वर जाऊ लागला. तात्या दारातून आले, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता त्यांनीही मान वाकडी केली. घरात कुणाला मानेचा काही त्रास सुरू झालाय का, हे विचारायला शेजारच्या काकू येऊन गेल्या. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की पडदा सरळ होतो, एवढं ज्याला ठाऊक आहे त्यानं ते लॅपटॉपच्या पाठीवर लिहून ठेवावं. पडदा आडवा झाल्यावर शोधायला गेलं तर ते आडवंच वाचावं लागतं.

दोन बाणांचा खरा इलाज शेवटी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलानं केला. मी त्याला तांत्रिक भाषेत लांबलचक मेल लिहिला होता, त्यावर उत्तर नाही. मग फोन केला तर गडी निघाला आमच्याच जिल्ह्यातल्या केजचा. मी त्याला कुरिअरवाल्याची गोष्ट सांगितली. "म्हणजे त्याला पीएस/२ लावलाय व्हय," तो म्हणाला, "टॅबलेट करून देतो की." पोटातल्या मशीनला खोट्या माउसऐवजी खोटी यूएसबी टॅबलेट, म्हणजे चित्र काढायची पाटी, जोडून द्यायची. पाटी 'दहा उजवीकडं' म्हणत नाही. ती पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ० ते ३२७६७ असे आकडे मोजते आणि सरळ ठिकाण कळवते: आडवा आकडा हा, उभा हा. मग आतल्या विंडोजला स्वतःची अक्कल चालवायला जागाच राहत नाही. त्यानं रात्री मशीन बंद करून सेटिंगमध्ये तेवढा बदल केला. सकाळी मी बघितलं तर माझा बाण होता तिथंच त्याचाही होता, एकावर एक, कडेची रेघसुद्धा बाहेर नाही.

तात्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बराच वेळ निरखून बघितलं. "दुसऱ्यानं माघार घेतली म्हन की," म्हणाले.

नवा माउस खोक्यातून बाहेर निघालाच नव्हता. दुपारी हेल्पडेस्कचा मेल आला. तक्रार बंद केल्याचं त्यात कळवलं होतं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'नवीन माउस दिल्याने समस्या दूर झाली.' खाली एक ओळ होती, जुना खराब माउस आठवड्याच्या आत कुरिअरनं परत पाठवावा. मी चालू माउस पुसून खोक्यात भरला. कुरिअरवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "दादा, या टायमाला फोन त्या काकांकडं दिऊ नका."