चिवट बिघाडाचे निदान : जुन्या कॅम्परधारकांसाठी

फोक्सवॅगनची टाइप २ ही व्हॅन १९५० साली जर्मनीत बनू लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय बसवून दिली. तिच्या १६०० सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात म्हातारपणी एक ठराविक दुखणे उद्भवते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, अर्धा-पाऊण तास तक्रार न करता धावते, मग नेमकी चढणीवर मिसिंग मारते, दोन-चार आचके देते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबले की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते.

या बिघाडाचा सर्वमान्य गुणधर्म असा की तो मेकॅनिकसमोर होत नाही. मालकवर्ग याचा संबंध नशिबाशी लावतो. वास्तविक कारण साधे आहे : टोचन लावून गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर इंजिन गार झालेले असते आणि गार इंजिनात हा दोष नसतोच. मेकॅनिक फेरी मारून येतो, ‘गाडी मस्त आहे’ म्हणतो आणि प्लग बदलल्याचे बिल देतो.

येथून निदानाची पहिली, सर्वांत खर्चिक आणि पूर्णतः अनावश्यक पायरी सुरू होते. प्लग झाले की कॉइल, कॉइल झाली की कार्बोरेटर, तेही झाले की संपूर्ण वायरिंग. चार वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही. बिघडली, तर नव्यापैकी कोणती वस्तू सदोष हेही कळत नाही. अशा रीतीने एका बिघाडाचे दोन करता येतात. डिस्ट्रिब्युटरची ‘सुधारित’ आवृत्ती बसवणे हा याच पायरीवरचा उच्च प्रकार होय. बॉशच्या प्रसिद्ध ००९ डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची जोडणी नसते. सोलेक्स ३४ पिक्ट-३ या कार्बोरेटरशी त्याचे जमत नाही आणि अॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. मालक हे अडखळणे मूळ दुखण्याच्या खात्यावर मांडतो.

खरे निदान करायचे ते गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, रस्त्याच्या कडेला. इंजिन मागे, खालच्या बुटक्या झाकणाआड असल्याने गुडघे टेकणे क्रमप्राप्त आहे. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत अशा व्हॅनमधून कित्येक तरुण गोव्याला येत. शरणागतीचा पहिला धडा त्यांतल्या काहींना याच आसनात मिळाला असावा. गाडी आपल्याकडे बंद पडली, तर मदतीला जमलेल्यांपैकी एक सद्गृहस्थ रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यास निघतात. या इंजिनाला रेडिएटर नसतोच, हे त्यांना सांगावे. तो चोरीला गेला असा समज करून ते हळहळतील, पण पाणी वाचेल.

आधी पेट्रोलची नळी कुठे गळत नाही ना हे पाहावे. ही सूचना विनोदाने घेण्याची नाही. जुनी रबरी नळी तडकून पेट्रोल तापल्या इंजिनावर पडले की पेट घेते; इंजिनाचा गाळा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो पेटला तर पाण्याने विझत नाही.

मग टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर टाकीत हवा येण्याची वाट बुजली आहे. आवाज नसेल तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकवावे आणि हाताने थ्रॉटल हलवावा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर पेट्रोल पोहोचते आहे. नसेल उडत, तर इंजिनाच्या उष्णतेने वाटेतच त्याची वाफ होत असण्याचा संभव आहे. पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी चालू झाली की तो संशय पक्का होतो.

पेट्रोल आहे, तर करंट पाहावा. एअर क्लीनर परत बसवून कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढावी, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावा. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा मुळीच नसेल, तर दोषी बहुधा कंडेन्सर असतो. डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला चिकटलेली ही करंगळीएवढी डबी तापली की आतून गळू लागते आणि गार झाली की सुधारते. तिच्यापायी पॉईंटही जळतात. कार्बोरेटरच्या नावावर खपलेले कित्येक आजार मुळात या डबीचे असतात.

टॅपेटचा विषय वेगळा, आणि उलटा. रात्रभर गार राहिलेल्या इंजिनात फट ०.१५ मिलिमीटर हवी. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह ताणला गेला की ती कमी होते आणि टकटक थांबते. इंजिन शांत झाले म्हणून मालक पेढे वाटतो, तेव्हा व्हॉल्व्ह जळायला लागलेला असतो. तिसऱ्या सिलिंडरकडे विशेष लक्ष द्यावे. १९७० पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेत उभा असे, त्यामुळे तापण्याचा मान त्याचाच. या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी भरले, तर निदान संपले. हेड उतरवावे लागते.

दर वेळी एकच वस्तू बदलावी, तारीख वहीत लिहावी आणि नंतर भर दुपारी घाट चढून पाहावा. बहुतेक वह्यांत कंडेन्सरची नोंद शेवटच्या पानावर सापडते, कारण सर्वांत स्वस्त वस्तूवर संशय घेणे मालकाला कमीपणाचे वाटते. काढलेला कंडेन्सर तेथल्या तेथे फेकून द्यावा. ‘असू दे, स्पेअर’ म्हणून तो डिकीतल्या डब्यात ठेवला, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच परत बसतो.