वाऱ्याला शिस्त

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. शाळेत हे कुणी कान देऊन ऐकत नाही, पण पुण्याच्या तरुणाईने तो नियम स्पॉयलरच्या पंखासकट हॅचबॅकच्या डिकीवर नटबोल्टने आवळून टाकला आहे. हिशेब साधा आहे: ताशी १०० किलोमीटरला वारा जेवढा अडवतो, त्याचा पंचविसावा हिस्सा ताशी वीसला अडवतो. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर वीस म्हणजे चैनच. तरी तेवढ्या वाऱ्यालाही मोकाट सोडायचे नाही, ही दूरदृष्टी वंदनीय आहे.

कोत्या मनाचे इंजिनिअर कुरकुरतात. म्हणे, गाडी ओढतात पुढची चाके, मग पंखाचा दाब मागच्या चाकांवर कशाला? आणि दाब फुकट मिळत नाही, पंखामुळे वाऱ्याची ओढही वाढते. पोर्शेने १९८९ साली ९११ला असा स्पॉयलर दिला, जो ताशी ८० गाठल्यावरच वर येतो. म्हणजे सिग्नलला कुणाला दिसणारच नाही! जर्मनांना हौस कशाशी खातात ते ठाऊक नसावे.

आता महापालिकेनेही मागे राहू नये. कचरागाड्यांना पंख, टँकरना डिफ्यूझर आणि रोड रोलरला तर दोन्ही, उच्च वेगातील स्थैर्यासाठी.

पुढच्या बंपरखालचा स्प्लिटर गाडी रस्त्याला चिकटवून ठेवतो, असे गॅरेजवाले छातीठोक सांगतात. आमच्या सोसायटीच्या गतिरोधकावर परवा ते सिद्धच झाले. गाडी अशी चिकटली की हलेना. शेवटी चौघांनी मागे ओढून सोडवली.

पंखाला धरून.