सफारीची बॅग आणि भाताची लावणी

आफ्रिकेच्या जंगल सफारीला जाताना बॅगेत काय भरावं, याचं उत्तर आफ्रिकेत शोधू नये; ते आमच्या उत्रोली गावच्या भातखाचरात आहे. माहितीपत्रकं आधी हंगाम निवडायला सांगतात आणि मग कपडे. पण ज्याच्या वावरात इंद्रायणीचा तरवा वाढतोय, त्याचा हंगाम आधीच ठरलेला असतो. केनियातल्या मसाई मारात वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे चिखलणी, लावणी, बेणणी आणि शेवटी कापणीची चाहूल. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस, इकडे जत्रा नि लग्नसराई. त्या दिवसांत घरातल्या एकाही बॅगेत आहेराशिवाय दुसरं काही मावत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे छोटा पाऊस, इकडे झोडणी. उरले जानेवारी आणि फेब्रुवारी. कुणी म्हणेल, मग नदी ओलांडणं हुकलं, सफारी वाया गेली. तसं नाही. तेच कळप तेव्हा टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या माळावर असतात आणि फेब्रुवारीच्या आसपास काही आठवड्यांत तिथे लाखोंनी पिल्लं जन्मतात. मगरीच्या तोंडात जाणारं जनावर पाहण्यापेक्षा नुकतं उभं राहू पाहणारं वासरू पाहणं शेतकऱ्याच्या डोळ्यांना अधिक मानवेल, असं आमचं मत आहे. लावणी मजुरीवर देऊन जुलैत निघणाऱ्यांना अर्थात कुणी अडवू शकत नाही. त्यांनी फक्त इरलं घरी ठेवावं. तिकडे तेव्हा कोरडं असतं, आणि इरलं गाडीच्या दारातून आत जातही नाही.

हंगाम ठरला, आता कपडे. आफ्रिका म्हणजे ऊन, हे गृहीत धरून बॅगेत मलमलीचे सदरे भरले जातात आणि इथेच घोटाळा होतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646. तोरण्याच्या माथ्यावर जी थंडी अभिमानाने सोसली जाते, तिच्याहून कितीतरी वर, सुमारे 2,300 मीटरवर, टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराच्या कड्यावरची मुक्कामाची ठिकाणं आहेत. त्यात गाडीचं छप्पर उघडं आणि निघायची वेळ पहाटेची. दुपारी मात्र अंग भाजतं. म्हणून एकावर एक चढवून एकेक उतरवता येतील असे कपडे घ्यावेत, आणि कानटोपी. कानटोपीला हसणारा पुणेकर सकाळी सातला ती मागून घेतो. घोंगडी न्यावी का? ऊब निर्विवाद, पण अडचण रंगाची. त्से त्से माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडायचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे करतात. सफारीत खाकी घालण्याचं खरं कारण ही माशी आणि धूळ. सिंहाला खाकी घातलेला माणूस दिसत नाही, ही समजूत सिंहापर्यंत पोचलेली नाही. तरीही काळी घोंगडी बाद ठरत नाही. गारठ्यात ही माशी सुस्त असते. तेव्हा पहाटे पांघरावी, ऊन चढताच घडी करून बुडाखाली घ्यावी.

खरा शत्रू वजन आहे. उद्यानांत जाणाऱ्या छोट्या विमानांत बहुधा माणशी 15 किलोच चालतात, तेही हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची टणक बॅग त्या विमानाच्या पोटात बसत नाही. इथे घरातली वडीलधारी मंडळी हरकत घेतात, की मग चिवडा, लाडू आणि मेतकूट कशात न्यायचं? हरकत गंभीर आहे, पण केनियात चपाती घरोघरी होते आणि तिला म्हणतातही चपाती. उपासमार संभवत नाही. न्यायचाच तर चिवडा कापडी पिशवीत बांधावा, कारण केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. महाराष्ट्रातही 2018 पासून आहे. फरक इतकाच, की तिथे ती पाळतात.

एवढं करून सर्वांत महत्त्वाची वस्तू बॅगेबाहेरच राहते. ती म्हणजे पीतज्वराच्या लशीचं पिवळं पुस्तक. इथून जाताना केनियात ते सहसा कुणी मागत नाही, म्हणून ते टाळण्याचा मोह होतो. पण अडकायचं ते परत येताना, मुंबईत. दाखला नसला तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. दाखला मिळाला की तो बॅगेत भरू नये, कारण बॅगा चुकतात. तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा बंडीच्या आतल्या खिशात ठेवावा, आणि बंडी धुवायला टाकण्याआधी काढून घ्यावा.