गांधीलमाशीचे फोटो काढण्याची सोपी पद्धत

सर्वप्रथम महागडा कॅमेरा घ्यावा. त्याला त्याहून महाग मॅक्रो लेन्स लावावी. मग भरपूर खिशांचं जाकीट घालून पहाटे ताम्हिणी घाट गाठावा, दिवसभर झुडपांत शिरावं आणि एका फुलपाखराचा पुसट फोटो घेऊन परत यावं. हा विधी उरकला की मागच्या अंगणातल्या गळक्या नळापाशी मुकाट्यानं बसावं. कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी, तिथेच येते.

तिला घर बांधायला चिखल लागतो. ती उतरते, डोकं खाली आणि पोट वर करून गुरगुरत जबड्यानं ओली माती खरवडते, तिची गोळी करते आणि उडते. नवशिका इथे कॅमेरा घेऊन तिच्यामागे धावतो. धावू नये. थोड्या वेळानं ती बहुधा तिथेच परत येणार असते. त्या ओल्या जागेवर आधीच फोकस धरावा, शटर 1/1000 किंवा त्याहून जलद ठेवावं आणि मच्छर चावू द्यावेत. फोटोत नुसता चिखल आला तर त्याला ‘अधिवासाचा अभ्यास’ म्हणावं.

घर कुठे आहे ते गोळीमागोमाग नजर गेली की कळतं: खिडकीचा कोपरा, ट्यूबलाइटची पट्टी, देवाच्या तसबिरीची मागची बाजू. प्रत्येक कोठीत ती कोळी भरते. मारून नव्हे, डंखानं लुळे करून, म्हणजे माल ताजा राहतो. त्यांतल्या एकावर अंडं घालते आणि दार लिंपून टाकते. अळी बाहेर येते ती भरल्या ताटावरच. कोळ्यांची कणव येत असेल तर सरळ जास्वंदीचे फोटो काढावेत. हिच्या काही बहिणी कोळ्यांऐवजी सुरवंट भरतात. कोंडलेला कीटक भृंगीचं, म्हणजे या कुंभारणीचंच, ध्यान करून स्वतः भृंगी होतो, असं जुने लोक मानत. आत शिजणारा प्रकार इतका आध्यात्मिक नसतो.

आता पुढचा धडा: दुसऱ्या जातीच्या गांधीलमाश्यांचं गॅलरीतलं कागदी पोळं. यात राणी ओळखायची असते. सगळ्यांत भांडखोर माशीवर नवशिके बोट ठेवतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीत मात्र राणी गरीब गाय असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी माश्यांना रंगाचे ठिपके लावून वर्षानुवर्षं हेच पाहिलं. राणी उचलली की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, गादी तिचीच. ती कोण असेल हे बघणाऱ्या माणसाला आधी ओळखता येत नाही. निवडणुकीचे अंदाज सांगणाऱ्यांनी हे पोळं जरूर बघावं.

राणी उचलायचा प्रयोग आपण करू नये. माश्या पंख उभारून तुमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तर ती फोटोसाठी पोझ नसते. हळूच मागं सरावं. गांधीलमाशीचा डंख मधमाशीसारखा तुटून राहत नाही, ती पुन्हा पुन्हा मारू शकते. चावल्यावर श्वास लागला, चेहरा सुजला, तर चुना शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

राहता राहिली दिवाळीची साफसफाई. कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो, असं म्हणतात. घरात नवं जोडपं असेल तर आजी त्या मातीला हात लावू देणार नाही, फोटो सावकाश काढावेत. नसेल तर नवरात्राच्या आत उरकावेत.