हॉटेलच्या खोल्या सजवणाऱ्यांस अनावृत पत्र

परमादरणीय सजावटकार महोदय,
सा. न. वि. वि.

नोकरीपायी आम्ही गावोगाव हिंडतो आणि रात्री आपल्या कलाकृतीत मुक्काम करतो. बैठकांनी दमलेल्या माणसाने जेवावे, टीव्ही लावावा आणि घोरावे, अशी आपली अपेक्षा दिसते. आम्ही मात्र किट उघडून प्लॅस्टिकची विमाने जोडत बसतो. त्यामुळे आपली प्रतिभा आमच्याइतकी कुणालाच कळलेली नाही.

प्रथम प्रकाशयोजनेबद्दल अभिनंदन. भिंतीभिंतीला दिवे आहेत, टेबलावरचे काही दिसेल असा एकही नाही. मिग-21चे पंख प्रत्यक्षात टोकापासून टोकापर्यंत 7.15 मीटर, 1/72 प्रमाणात ते दहा सेंटिमीटरही भरत नाहीत. त्याचे काही भाग तर तांदळाच्या कणीएवढे! आपल्या त्या प्रेमळ उजेडात डावा कुठला नि उजवा कुठला, हे निव्वळ श्रद्धेवर ठरवावे लागते.

मग भाग चिमट्यातून निसटतो, गालिच्यावर पडतो आणि त्याच्या नक्षीत दिसेनासा होतो. विमान शत्रूला दिसू नये म्हणून हवाई दलांनी रंगांवर केवढे डोके चालवले. आपण ती विद्या सहज पायाखाली अंथरलीत. धन्य!

खिडकीबद्दल काय बोलावे? ती उघडतच नाही. आमचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून त्याला उग्र वास येतो. तो ज्वालाग्राही असल्याने विमानातून नेता येत नाही. मुक्कामाच्या शहरात शोधावा लागतो. मिळालाच, तर त्याचा दर्प रात्रभर आमच्याच सोबतीला. शहाणी माणसे बांदाईची गनडॅम यंत्रमानवांची किट नेतात. त्यांचे भाग नुसते दाबले की बसतात. पण ओझरच्या एचएएल कारखान्यात घडलेले, 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला हवाई दलाचा निरोप घेतलेले मिग-21 ज्याला बनवायचे आहे, त्याची समजूत जपानी यंत्रमानवाने कशी पटावी?

एकंदरीत, पाहुण्याला पाठ असते हे आपण जाणता. त्याला हातही असतात, हे आपल्या आराखड्यात आलेलेच नाही.

तरी विनंती अशी, की पुढच्या खोलीत एक पांढरा दिवा, वीतभर उघडणारी खिडकी आणि टेबलाखाली उघडी फरशी एवढे द्यावे. रात्री अहवाल लिहिणाऱ्यांचेही त्यात भले होईल. खर्च वाढत असेल, तर पलंगावरचे ते अमूर्त चित्र खुशाल काढून टाका. त्याच्यावाचून आमचे काही अडणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
टेबलावर टॉवेल अंथरून बसलेला एक पाहुणा